ब्राउझरमधलं वॉलेट, स्टेकिंग आणि गॅस न लागलेली एक सही

मासुंदा
रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात राहते, नोकरी ऐरोलीला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. माझा मामा खारघरला असतो. तळोजा एमआयडीसीतल्या एका कंपनीतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. मामाला आकड्यांची मनापासून आवड. पोस्टातल्या ठेवी, फंड, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळ्याची नोंद एका लांबट वहीत. २०२१ मध्ये त्याने एका क्रिप्टो एक्स्चेंजवर थोडं ईथर, म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनचं नाणं, घेतलं होतं, ते तसंच पडून होतं. गणपतीत घरी आला तेव्हा म्हणाला, "स्टेकिंगला लावलं तर वर्षाला तीनेक टक्के सुटतात म्हणतात, खरं का?" स्टेकिंग म्हणजे आपली नाणी नेटवर्कच्या कारभारासाठी बांधून ठेवायची आणि त्याचा मोबदला घ्यायचा. मी स्वतः थोडंफार करते, म्हणून मीच त्याला वॉलेट लावून दिलं.

लावून देताना माझ्या समजुतीप्रमाणे सगळी काळजी घेतली. क्रोममध्ये वॉलेटचं एक्स्टेन्शन टाकलं. वॉलेटची मूळ किल्ली असलेले बारा शब्द त्याच्याच हाताने कागदावर लिहून घेतले, मोबाईलने फोटो काढू दिला नाही. एक्स्चेंजवरून आधी अगदी थोडं ईथर पाठवून पाहिलं, पोचल्यावर उरलेलं आणलं. त्यातलं निम्म्याहून जास्त लिक्विड स्टेकिंगमध्ये (ईथर देऊन बदल्यात विकता येणारं टोकन मिळतं) टाकलं, बाकीचं साधं ईथर म्हणून ठेवलं. मामा खूश होता. रोज संध्याकाळी शिल्लक दशांश चिन्हानंतरच्या पाचव्या-सहाव्या घरात हलायची आणि तो ती वहीत उतरवून घ्यायचा.

गेल्या मंगळवारी त्याचा फोन आला. स्टेक केलेलं टोकन शून्य. साधं ईथर मात्र जागच्या जागी. त्या दिवशीच्या भावाने गेलेली रक्कम सव्वा लाखाच्या आसपास होते. घाबरून त्याने एक्स्टेन्शनच काढून टाकलं आणि मला फोन केला.

तो शपथेवर सांगतो की बारा शब्द कुणाला दिले नाहीत, कुठे टाइप केले नाहीत, आणि माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे. मग गेलं कसं? आणि उरलेलं ईथर आत्ता सुरक्षित आहे का? चार रात्री नीट झोप नाही. पैसे त्याचे गेले, पण लावून मी दिलं होतं.


तीनहात
रविवार, रात्री ११:४१

वाईट वाटलं वाचून. जाणकार येतीलच. तोवर त्या संगणकावर वॉलेट उघडू नका.


पारसिक
सोमवार, सकाळी ७:०५

मासुंदाताई, तुमच्या पोस्टमध्येच उत्तराचा अर्धा भाग आहे. एक टोकन गेलं, ईथर राहिलं. बारा शब्द चोराच्या हाती लागले असते तर त्याने ईथर आधी नेलं असतं, कारण त्या शब्दांतून त्या वॉलेटमधल्या प्रत्येक खात्याची किल्ली तयार होते आणि मग एकही वस्तू मागे ठेवायचं कारण उरत नाही. फक्त एकच टोकन जातं तेव्हा बहुधा त्या टोकनापुरती परवानगी दिली गेलेली असते.

थोडं विस्ताराने सांगतो, कारण हा फरक लोकांना माहीत नसतो. ईथर ही इथेरियमची स्वतःची चीज. ते हलवायला दर वेळी तुमची ट्रान्झॅक्शन लागते. टोकन मात्र एका कॉन्ट्रॅक्टमध्ये असतं, म्हणजे कुणाची किती शिल्लक हे लिहिलेली ती एक सार्वजनिक खातेवहीच. त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अशी सोय असते की 'अमुक पत्त्याला माझ्या खात्यातून इतकं काढू द्या' असं तुम्ही आधी सांगून ठेवायचं. विकेंद्रित अ‍ॅप चालतात ते याच सोयीवर. अदलाबदल करायची, कर्जासाठी तारण ठेवायचं, स्टेक केलेलं परत करायचं, तर आधी परवानगी द्यावी लागते. बरीच अ‍ॅप दर वेळचा त्रास वाचवायला अमर्याद परवानगी मागतात. तीच खोट्या अ‍ॅपला दिली की काम संपलं.

मामांना एक विचारा. मंगळवारी किंवा त्याच्या एक-दोन दिवस आधी कुठल्या साइटला वॉलेट जोडलं होतं का? आणि तेव्हा वॉलेटने गॅस, म्हणजे व्यवहार नोंदवायचं शुल्क, दाखवला होता का?

आणि एक्स्टेन्शन काढून टाकल्याने परवानगी जात नाही. वॉलेट लॉक केल्याने जात नाही, साइट 'डिस्कनेक्ट' केल्यानेही नाही. ती साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनच्या सार्वजनिक नोंदीत, लिहिलेली असते, तुमच्या संगणकावर नाही.


खारफुटी
सोमवार, सकाळी ९:३०

पारसिक यांच्याशी सहमत. शेवटचं वाक्य तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. आमच्या नेरुळच्या सोसायटीतल्या एकाने लॅपटॉप फॉरमॅट केला होता आणि 'आता सगळं साफ झालं' म्हणून निश्चिंत होता. परवानगी तशीच होती. त्याने चार महिन्यांनी त्याच पत्त्यावर पुन्हा टोकन आणलं आणि तेही गेलं.


मासुंदा
सोमवार, रात्री १०:१५

मामाशी बोलले. तासभर लागला, कारण त्याला लाज वाटत होती आणि मला त्याला बोलतं करायचं होतं.

मागच्या सोमवारी संध्याकाळी शिल्लक बघायला त्याने स्टेकिंगच्या साइटचं नाव गूगलमध्ये टाइप केलं. वर आलेल्या पहिल्या दुव्यावर क्लिक केलं. साइट हुबेहूब तशीच. वॉलेट जोडायला सांगितलं, त्याने जोडलं. मग 'मागचा जादा मोबदला मिळण्यासाठी खातं पडताळा' अशा अर्थाचं काहीतरी आलं आणि वॉलेटची खिडकी उघडली, सही करा म्हणून. गॅस? त्यानेच सांगितलं, गॅस अजिबात नव्हता.

आणि पुढचं ऐकून मी गप्पच झाले. मी वॉलेट लावून निघताना त्याला एक नियम सांगितला होता: "मामा, गॅस दाखवला, म्हणजे पैसे लागणार असं दिसलं, की थांब आणि आधी मला फोन कर." तो म्हणाला, "पैसे लागत नव्हते गं, म्हणून तर तुला फोन केला नाही."

त्याने माझा नियम तंतोतंत पाळला.


पारसिक
सोमवार, रात्री ११:०२

मग ते 'परमिट' होतं. बारीक मांडणी आहे, पण समजून घ्या, तुमचा काही दोष नाही.

पूर्वी परवानगी द्यायची तर ट्रान्झॅक्शन करावी लागायची, म्हणजे गॅस. मग इथेरियमच्या ईआयपी-२६१२ या सुधारणा प्रस्तावाने एक सोय आणली. तुम्ही फक्त एक संदेश सही करून द्यायचा, आणि तो साखळीवर नेऊन टाकण्याचा खर्च समोरचा करेल. ज्याच्याकडे गॅसपुरतंही ईथर नाही त्याच्यासाठी ही खरोखर चांगली सोय. डॉलरशी बांधलेल्या यूएसडीसी या टोकनात ती आहे, काही लिक्विड स्टेकिंग टोकनांतही आहे. पण तिथे 'गॅस नाही म्हणजे धोका नाही' हा हिशेबच उलटतो. सही फुकट असते, चोर गॅस स्वतः भरतो आणि टोकन घेऊन जातो.

त्या सहीच्या खिडकीत पाच गोष्टी असतात. मालक कोण, 'स्पेंडर' म्हणजे खर्च करणारा कोण, किती, अनुक्रमांक, आणि मुदत कधीपर्यंत. 'किती'च्या जागी ११५७९२ ने सुरू होणारा ७८ आकडी राक्षस दिसला तर समजायचं की अमर्याद. दोनाचा दोनशे छप्पन्नावा घात वजा एक, त्या रकान्यात बसणारी सर्वात मोठी संख्या. नव्या आवृत्त्यांत बरीच वॉलेटं तिथे सरळ 'अमर्याद' असा शब्द दाखवतात, आणि ते फार बरं झालं.


उपवन
मंगळवार, सकाळी ६:५०

मी ३४ वर्षं बँकेत काढली. या विषयातलं मला फारसं कळत नाही, पण पारसिक यांनी सांगितलं ते पुरतं कळलं. ही बेअरर चेकवर सही करून रक्कम कोरी ठेवण्यासारखी गोष्ट आहे. मुदत लिहिलेली आहे, तोवर तो केव्हाही वटवणार. वटवण्याचा खर्चही तोच करणार.

आमच्याकडे काउंटरमागे सहीचा नमुना जुळवणारा माणूस असायचा. मोठी रक्कम असली की आम्ही खातेदाराला फोन करायचो, "साहेब, हा चेक तुम्हीच दिलाय ना?" कितीतरी चेक त्या एका फोनने परत गेले. या व्यवस्थेत तो माणूस कुठे आहे? नसेल तर माझ्या वयाच्या लोकांनी यात का पडावं, हे मी कळकळीने विचारतो. तीन टक्क्यांसाठी? एवढं पोस्टात सुखाने मिळतं.


ट्रान्सहार्बर
मंगळवार, सकाळी ८:२०

उपवनकाका, तुमचा प्रश्न योग्य आहे. पण एक भर घालतो. स्टेकिंगचे तीन टक्के हे रुपयांतलं व्याज नव्हे. ज्याला ईथर ठेवायचंच आहे त्याच्याकडचं ईथर तीन टक्क्यांनी वाढतं. भाव चाळीस टक्के पडला तर ते तीन टक्के कुठे जातील ते सांगायला नको. फक्त व्याजासाठी कुणी यात येत असेल तर येऊ नये, हे माझंही म्हणणं.

आणि सगळं स्टेकिंग असं टोकनवालं नसतं. मी कॉसमॉस या दुसऱ्या ब्लॉकचेनवर केप्लर वॉलेटमधून करतो. तिथे नाणी माझ्याच खात्यात बांधली जातात, मी फक्त व्हॅलिडेटर, म्हणजे व्यवहार तपासून नोंदवणारा, निवडतो. तो मोबदल्यातून आपलं कमिशन कापून घेतो, पण माझी मुद्दल त्याला हलवता येत नाही. सोडवायचं ठरवलं की २१ दिवस थांबावं लागतं, तेवढ्या दिवसांत मोबदला नाही. पोल्काडॉटवर बरीच वर्षं हेच २८ दिवस होते. सोलानावर फँटम वॉलेटमधून केलं तर चालू इपॉक (ठरलेला कालखंड) संपेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस. कार्डानोवर तर काही अडकतच नाही.

सुरुवातीला मला ते २१ दिवस जाचक वाटायचे. आता वाटतं, नवशिक्या माणसासाठी तेच कुंपण आहे. चोराला नाणी सोडवायची असली तरी २१ दिवस लागतात, तेवढ्यात आपल्या लक्षात येऊ शकतं.


खारफुटी
मंगळवार, दुपारी १:१५

ट्रान्सहार्बर, बारा शब्द गेले असतील तर ते कुंपण तुमचंही असतं आणि चोराचंही. २१ दिवसांनी ज्या क्षणी नाणी मोकळी होतात त्या क्षणी तुमच्याआधी उचलायला त्याने प्रोग्राम लावून ठेवलेला असतो. पण निव्वळ फसवून घेतलेल्या सहीपासून मात्र बराच आडोसा मिळतो, हे खरं.

मी महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये काम करते, त्यामुळे व्हॅलिडेटर हा शब्द आला की मला राहवत नाही. इथेरियमवर १५ सप्टेंबर २०२२ ला मर्ज नावाचा बदल झाला आणि खाणकाम (मायनिंग) बंद होऊन सगळा कारभार स्टेकिंगवर आला. स्वतःचा व्हॅलिडेटर चालवायला ३२ ईथर लागतात, आणि घरचं मशीन चोवीस तास चालू हवं. खारघर-कामोठ्याकडे उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा काय, असा प्रश्न येतो. तास-दोन तास बंद राहिल्याने फार बिघडत नाही, जेवढं मिळालं असतं साधारण तेवढंच कापलं जातं. खरी शिक्षा, ज्याला स्लॅशिंग म्हणतात, ती एकाच जागी दोन परस्परविरोधी सह्या केल्यावर होते. 'एक बंद पडला तर दुसरा असावा' म्हणून लोक तीच किल्ली दोन मशीनवर चालवतात आणि स्वतःच्या हाताने स्लॅश होतात. काळजीपोटी केलेली गोष्टच नडते.

३२ ईथर आपल्यासारख्यांकडे नसतं, म्हणून लिडो, रॉकेट पूलसारख्या सेवा आल्या. ईथर त्यांच्याकडे द्यायचं आणि बदल्यात टोकन घ्यायचं. ते टोकन बाजारात विकता येतं, पण भाव दर वेळी बरोबरीचा मिळेलच असं नाही. जून २०२२ मध्ये लिडोचं टोकन ईथरच्या तुलनेत पाचेक टक्के खाली गेलं होतं. तेव्हा थेट परत घेण्याची वाट खुली नव्हती, ती १२ एप्रिल २०२३ च्या शांघाय अपग्रेडनंतर खुली झाली. आणि तिथेही रांग असते. २०२५ च्या सप्टेंबरात बाहेर पडणाऱ्या व्हॅलिडेटरांची रांग महिन्याहून लांब होती. 'लिक्विड' या शब्दावर विसंबून पुढच्या महिन्याच्या लग्नाचा पैसा त्यात ठेवू नये.


तीनहात
मंगळवार, दुपारी २:००

मग हे सगळं एक्स्चेंजवरच का ठेवू नये? तिथे स्टेकिंगचं बटण असतं, बारा शब्द नाहीत, सह्या नाहीत.


पारसिक
मंगळवार, रात्री ९:३०

ठेवता येतं, काहींसाठी ते सोयीचंही आहे. पण जुलै २०२४ मध्ये आपल्याच देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले, आणि नंतर लोकांचे पैसे किती महिने अडकून पडले ते इथल्या कितीजणांनी भोगलंय. तिथे तुमची चूक नसतानाही जाऊ शकतं. इथे बहुतेक वेळा आपल्या एका क्लिकमुळे जातं. कुठला धोका आपल्याला पेलतो ते ज्याचं त्याने ठरवावं.

'खऱ्या साइटवर गेलो की झालं' एवढंही पुरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या क्रिप्टो सेवेच्या खऱ्याखुऱ्या साइटच्या पानात कुणीतरी कोड घुसवला होता. लोक नेहमीच्या पत्त्यावर गेले, नेहमीसारखं बटण दाबलं, आणि परवानगी चोराला मिळाली. सुमारे १२ कोटी डॉलर. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रस्ट वॉलेटच्या क्रोम एक्स्टेन्शनची २.६८ ही आवृत्तीच दूषित होऊन अधिकृत स्टोअरमधून बाहेर पडली, सुमारे ७० लाख डॉलर गेले. तिथे तर वापरणाऱ्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं.

म्हणून माझी रीत सांगतो. ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल, त्यात हे एक एक्स्टेन्शन, दुसरं काहीही नाही. कूपन शोधणारं नाही, पीडीएफवालं नाही, स्पेलिंग तपासणारं तर नाहीच. एक एक्स्टेन्शन दुसऱ्याची तिजोरी थेट वाचू शकत नाही, पण 'सर्व साइटवरील माहिती वाचणे व बदलणे' ही मुभा ज्याला दिली ते तुमच्या डोळ्यांसमोरचं पान बदलू शकतं. पत्ता तुम्हाला एक दिसेल, जाईल दुसरीकडे. या प्रोफाइलमध्ये शोध घ्यायचाच नाही, साठवलेल्या खुणेवरूनच (बुकमार्क) जायचं.

मोठी रक्कम हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ली स्वतःत ठेवणाऱ्या छोट्या वेगळ्या यंत्रावर. ब्राउझरमध्ये रोजच्या वापरापुरतं, घराबाहेर पडताना खिशात ठेवतो तेवढंच. मात्र हार्डवेअर वॉलेटबद्दल एक गैरसमज आहे. ते किल्ली सांभाळतं, तुमचा निर्णय नाही. मामांनी त्या छोट्या यंत्रावर बटण दाबून तीच सही केली असती तरी टोकन गेलंच असतं.

पासवर्डचंही असंच. तो फक्त या संगणकावरच्या तिजोरीच्या फाइलला असतो. व्हायरसने ती फाइल उचलली आणि पासवर्ड सोपा असेल तर चोर घरी बसून सावकाश फोडतो. आणि बारा शब्द ज्याच्याकडे आहेत त्याला पासवर्डची गरजच नाही.


बेलापूरकिल्ला
बुधवार, सकाळी १०:१०

तक्रार केली का? नसेल तर आजच करा. १९३० ला फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद. मामा खारघरचे, म्हणजे नवी मुंबई पोलीस आयुक्तालय. तुम्ही ठाण्यात राहता म्हणून ठाण्यात धावू नका, माझा त्यात एक दिवस गेला होता.

माझी स्वतःची केस दोन वर्षांपूर्वीची. पैसे परत आले नाहीत, खोटी आशा देत नाही. पण पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, कारण मी कागद नीट नेले होते. आपला पत्ता, चोराचा पत्ता, ट्रान्झॅक्शनचा हॅश (व्यवहार ओळखायचा क्रमांक), तारीख-वेळ भारतीय वेळेत, खोट्या साइटचा पूर्ण पत्ता ब्राउझरच्या इतिहासातून, आणि एक्स्चेंजवर मूळ खरेदी केल्याचा पुरावा. सोबत साध्या मराठीत एक पान, की काय घडलं. साखळीवरचा व्यवहार उलटवता येत नाही, पण चोराने टोकन एखाद्या एक्स्चेंजवर नेलं तर पोलीस तिथे पत्र पाठवून खातं गोठवायला सांगू शकतात. त्यासाठी तक्रार आधी असावी लागते.

दुसरं, याहून महत्त्वाचं. मामांनी कुठे टेलिग्रामवर, फेसबुकवर यातलं काही लिहिलंय का? 'पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे येतील. फार गोड बोलतात, वकील म्हणवतात. ते बारा शब्द मागतात किंवा आगाऊ फी. मला तसे सात जण आले होते.


मासुंदा
बुधवार, रात्री ११:३०

बेलापूरकिल्ला, तुमची पोस्ट वाचून लगेच मामाला फोन लावला. त्याने खरंच एका ग्रुपवर लिहिलं होतं आणि दोघेजण त्याच्याशी बोलत होते. एकाने 'वॉलेट सिंक' करायला एक अर्ज पाठवला होता, त्यात बारा रिकामे चौकोन. मामाने आठ भरले होते. माझा फोन आला म्हणून थांबला. पान बंद केलंय, पण टाइप केलेलं आधीच तिकडे पोचलं असेल असंच धरून चालते आहे.

उद्या सुट्टी टाकते आणि खारघरला जाते.


पारसिक
बुधवार, रात्री ११:३८

सुट्टीची वाट बघू नका. आठ शब्द गेले म्हणजे चार उरले. यादीत एकूण २०४८ शब्द असतात, त्यामुळे चार शब्दांचे पर्याय हजारो अब्ज होतात, तरी इच्छा असलेल्याला ते अशक्य नाही. ते बारा शब्द आता संपले असं समजा. आज रात्रीच, तुमच्या स्वच्छ संगणकावर किंवा फोनवर, नवीन बारा शब्दांचं नवीन वॉलेट बनवा आणि मामांचं उरलेलं ईथर तिथे हलवा. त्याच वॉलेटमध्ये 'नवीन खातं' काढून उपयोग नाही, ते त्याच शब्दांतून येतं. परवानगी वगैरे नंतर बघू.


खारफुटी
बुधवार, रात्री ११:४४

पारसिक बरोबर सांगतायत. मासुंदा, जागी आहे मी. अडलं तर इथे लिही. शब्द मात्र इथेही लिहू नकोस, निरोपातही नको, कुणालाच नको.


मासुंदा
गुरुवार, पहाटे १:५०

झालं. मामाने त्याच्याकडच्या कोऱ्या फोनवर नवीन वॉलेट बनवलं, शब्द स्वतः लिहिले, मला एकही सांगितला नाही. मी फोनवर फक्त पुढची पायरी सांगत होते. आधी थोडं पाठवलं, पोचलं. मग सगळं. जुन्या पत्त्यावर आता गॅसपुरतंही काही नाही. मामी शेजारी बसून पत्त्याचं एकेक अक्षर मोठ्याने वाचत होती, सगळी बेचाळीस. पहिली चार आणि शेवटची चार जुळली म्हणजे पुरे नाही, हे मी इथेच एका जुन्या धाग्यात वाचलं होतं. तशी अक्षरं जुळवलेले खोटे पत्ते मुद्दाम बनवतात.

सगळ्यांचे मनापासून आभार. झोपते.


उपवन
गुरुवार, सकाळी ६:४०

शाब्बास. परवा मी विचारलं होतं की सही जुळवणारा माणूस कुठे आहे. काल रात्री तुमच्या मामी तेच काम करत होत्या.


नौपाडालेखा
गुरुवार, दुपारी १२:२०

उशिरा आले. मी सीए आहे, कराचं थोडक्यात सांगते, कारण मामांना पुढे हे विचारलं जाणार.

१ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणावरच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ११५बीबीएच. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा होत नाही, गॅससुद्धा नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहेच. चोरी हे माझ्या मते हस्तांतरण नाही, त्यामुळे तिच्यावर कर नाही, पण ते नुकसान कुठे वजाही होत नाही. हे ऐकायला फार कडू आहे, मला माहीत आहे.

स्टेकिंगच्या मोबदल्याचं नाव त्या कलमात घेतलेलं नाही. मी माझ्या अशीलांना तो हाती येतो त्या दिवसाच्या रुपयांतल्या भावाने इतर उत्पन्नात दाखवायला सांगते, म्हणजे स्लॅबप्रमाणे, आणि पुढे विकल्यावर तोच भाव खरेदीची किंमत म्हणून धरते. ईथर देऊन स्टेकिंगचं टोकन घेणं ही अदलाबदलही मी हस्तांतरणच धरते. कडक भूमिका आहे, पण नोटीस आल्यावर झोप उडत नाही.


खारघरचामामा
रविवार, सकाळी ११:०५

नमस्कार. मी तो मामा. भाचीने खाते उघडून दिले. मराठी टाइप करायला वेळ लागतो आहे, चुका माफ कराव्यात.

आपण सर्वांनी रात्री जागून मदत केलीत. मी कुणाला ओळखत नाही. शुक्रवारी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, बेलापूरकिल्ला यांनी सांगितले तसे कागद नेले. पोच मिळाली.

पारसिक साहेबांनी निरोप पाठवून रिकाम्या वॉलेटवर मला सराव करायला सांगितला होता, तो केला. भाचीने चार वेगवेगळ्या सह्यांच्या खिडक्या उघडून दाखवल्या आणि प्रत्येकीत स्पेंडर कोण आणि रक्कम किती हे मी वहीत लिहिले. तीन मी नाकारल्या. चौथी साधी लॉगिनची होती, तिच्यात स्पेंडर नव्हता, तीही मी नाकारली. भाची म्हणाली ही चालली असती. मी म्हटले राहू दे, फोन करून विचारेन. आता नियम असा ठरला आहे की वॉलेटची खिडकी उघडली, पैसे लागोत न लागोत, की फोन. तिने उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी.

उरलेले ईथर सध्या स्टेक केलेले नाही. हार्डवेअर यंत्र कंपनीकडूनच मागवले आहे, ते आल्यावर ठरवू.

नौपाडालेखा मॅडमना एक प्रश्न. माझे टोकन जवळजवळ रोज संध्याकाळी थोडे वाढत असे. वहीत ६१ दिवसांच्या नोंदी आहेत, पण भाव डॉलरमध्ये लिहिला आहे. रुपयांत कसे करावे?


नौपाडालेखा
रविवार, दुपारी १:३०

काका, प्रत्येक दिवसाच्या नोंदीसमोर त्या दिवसाचा डॉलरचा दर लिहा. तीच वेबसाइट, तीच पद्धत सगळ्या ६१ दिवसांना, मध्येच बदलू नका. दर कुठून घेतला ते पहिल्या पानावर लिहून ठेवा. रक्कम अगदी छोटी निघेल. यापुढे स्टेक कराल तेव्हा त्याच टोकनाचं 'रॅप्ड' रूप घेता येतं का ते बघा. त्यात नाण्यांची संख्या तीच राहते, वाढ भावात दिसते, रोजच्या नोंदीचं काम वाचतं.

वही टाकू नका. तशी वही माझ्या एकाही अशीलाकडे नाही.


खारघरचामामा
रविवार, दुपारी १:५२

ठीक आहे. आज बसतो.